२००चा आकडा आणि आटलेली नदी

साखर तपासायला गेलो की आधी उपाशीपोटी रक्त घेतात. मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते घशाशी येणारं गोड पाणी प्यायला देतात. दोन तास बाकावर बसायचं, मोबाइल चाळायचा आणि पुन्हा दंड पुढे करायचा. संध्याकाळी हातात येणाऱ्या कागदावर दोन तासांनंतरच्या साखरेची हद्द छापलेली असते: २००. त्याच्या वर गेलात तर मधुमेह. हा आकडा १८० का नाही, २३० का नाही, हे विचारायच्या मनःस्थितीत तेव्हा कोणी नसतं.

आकड्याची जन्मकथा अशी. बहुतेक समाजांत हजारभर माणसांची दोन तासांनंतरची साखर आलेखावर मांडली, तर एकच उंचवटा दिसतो आणि उजवीकडे लांब उतार. निरोगी कुठे संपले आणि आजारी कुठे सुरू झाले हे त्या उतारावर काही कळत नाही. ॲरिझोनात फीनिक्स शहराच्या दक्षिणेला राहणाऱ्या एका जमातीचा आलेख मात्र उंटाच्या पाठीसारखा निघाला. दोन स्पष्ट वाशिंडं आणि मधे खळगा. मधुमेही इतके होते की त्यांचं वेगळं टेकाडच तयार झालं. खळगा २००च्या आसपास होता. १९७९ साली अमेरिकेत आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेत ही हद्द मान्य झाली, त्यात या लोकांच्या रक्ताचा वाटा मोठा.

जग त्यांना पिमा म्हणतं. स्पॅनिश लोकांनी काहीतरी विचारलं, समोरच्याने आपल्या भाषेत ‘माहीत नाही’ म्हटलं आणि तेच नाव होऊन बसलं, असं सांगतात. ते स्वतःला अकिमेल ओओधाम म्हणवतात, म्हणजे नदीची माणसं. त्यांचं आणि शेजारच्या पी पॉश लोकांचं मिळून १८५९ साली राखीव क्षेत्र झालं. त्याचं आजचं नाव हीला रिव्हर इंडियन कम्युनिटी. क्षेत्रफळ सुमारे दीड लाख हेक्टर, सात विभाग, कारभाराचं गाव सॅकाटन, आणि राखीव क्षेत्रात राहणारी वस्ती दहा ते पंधरा हजारांच्या दरम्यान, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावाएवढी.

इतक्या लहान वस्तीने मधुमेहाच्या पाठ्यपुस्तकाची कितीतरी पानं लिहून दिली. त्या बदल्यात तिच्या पदरात काय पडलं, आणि जे पडलं ते कधी व कशामुळे कामाला आलं, हा या प्रकरणाचा विषय.

टेलचं गाव

आजाराची गोष्ट दवाखान्यात सुरू करायची सवय असते. इथे ती पाटावर सुरू करावी लागते.

हीला नदीच्या खोऱ्यात या लोकांच्या पूर्वजांनी, ज्यांना ते हुहुगाम म्हणतात, शेकडो किलोमीटर लांबीचे कालवे खणले होते. धातूचं अवजार नाही, ओझ्याचं जनावर नाही. आजच्या फीनिक्समधले काही कालवे त्याच जुन्या आखणीवरून वाहतात. १८४९मध्ये सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाकडे धावणारे तांडे वाळवंट पार करण्याआधी पिमांच्या गावांत थांबत, कारण तिथे पाणी होतं आणि विकत घ्यायला धान्य होतं. १८६०च्या दशकात यादवी युद्धाच्या वेळी उत्तरेच्या सैन्याने पिमांचा गहू खरेदी केला. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे यांच्याविषयी लिहिताना ‘उपासमारीला सरावलेली जमात’ असा एक शब्दप्रयोग रूढ झाला, आणि तो वाचताना मला नेहमी तो गव्हाचा व्यापार आठवतो. ही माणसं बागायतदार होती.

त्यानंतर नदीच्या वरच्या अंगाला गोऱ्या वसाहती वाढल्या आणि त्यांनी पाणी वळवायला सुरुवात केली. १८८७ साली फ्लॉरेन्सचा कालवा झाला आणि जे काही खाली झिरपत होतं तेही थांबलं. हेड आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी आणि शेवटाला असणाऱ्यांचा, हा तंटा आपल्याकडे कुठल्याही कालव्यावरच्या शेतकऱ्याला समजावून द्यावा लागणार नाही. फक्त इथे टेलवाला हेडवाल्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून भिजवणी करत होता. साधारण १८७० ते १९१० हा काळ तिथे दुष्काळाचा म्हणून ओळखला जातो. त्यात पावसापेक्षा वळवलेल्या पाण्याचा वाटा मोठा. शेती बसली तेव्हा लोकांनी मेस्किटची झाडं तोडून सरपण विकलं. मेस्किटच्या शेंगांचं पीठ हे त्यांचं जुनं अन्न, म्हणजे एका परीने ताटच कापून विकलं.

१९२४ साली कायदा झाला, १९३० साली वरच्या बाजूला कूलिज धरण बांधून तयार झालं. पिमांना पाणी देण्याच्या नावाखाली मंजूर झालेल्या या योजनेत गोऱ्या शेतकऱ्यांचाही हिस्सा होता. उद्घाटनाच्या दिवशी जलाशय इतका कोरडा होता की तळात गवत वाढलेलं. विल रॉजर्स हा तेव्हाचा गाजलेला विनोदकार पाहुणा म्हणून आला होता. हे तळं माझं असतं तर मी ते कापून घेतलं असतं, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलून गेला.

शेत गेलं तसं ताट बदललं. सरकारी शिध्यात पांढरं पीठ, साखर, चरबी, डबाबंद मांस, चीज. त्या पिठाची चरबीत तळलेली फुगीर भाकरी, आपल्या भटुऱ्याची थोरली बहीण, आज मूळनिवासींच्या जत्रांतला ‘पारंपरिक’ पदार्थ आहे.

तरीही साखर लगेच वाढली नाही. बॉस्टनचे एलियट जोस्लिन, त्या काळातले मधुमेहाचे सर्वांत मोठे डॉक्टर, यांनी ॲरिझोनातल्या मूळनिवासींची पाहणी करून १९४० साली लिहिलं की यांच्यातलं मधुमेहाचं प्रमाण इतर अमेरिकेपेक्षा वेगळं नाही. पंचवीस वर्षांनी हेच लोक जगातले सर्वाधिक मधुमेही ठरले. माणसाची जनुकं पंचवीस वर्षांत बदलत नाहीत, एवढं या एका नोंदीवरून कळायला हरकत नव्हती.

आले सांधेदुखी मोजायला

१९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संशोधक सॅकाटनला आले ते संधिवात शोधायला. माँटानाच्या थंडीतली एक जमात आणि ॲरिझोनाच्या उन्हातले पिमा यांची तुलना करायची होती. रक्त तपासलं तर साखरच साखर. १९६५पासून पाच वर्षांवरच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी तपासणीला बोलवायला सुरुवात झाली. तेच गोड पाणी, तेच दोन तास. पाच वर्षांचं पोरही आणि त्याची आजीही. हा क्रम २००७पर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. १९७१मध्ये पीटर बेनेट आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापलं की पस्तिशी ओलांडलेल्या पिमांपैकी जवळपास निम्मे मधुमेही आहेत.

या अभ्यासातून जे कळलं त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते गर्भारपणाविषयीचं. १९८८ साली छापलेले आकडे असे: आईला गर्भारपणातच मधुमेह असेल, तर तिची मुलं विशी ओलांडून चोविशीपर्यंत पोचताना ४५ टक्के मधुमेही झालेली. आईला मधुमेह मूल झाल्यानंतर कधीतरी झाला असेल, तर ८.६ टक्के. झालाच नसेल, तर १.४ टक्का. पहिल्या दोन गटांतल्या आयांना मधुमेह होणारच होता, म्हणजे अनुवंश बराचसा सारखा धरता येतो. फरक पडला तो मूल पोटात असताना आईच्या रक्तात साखर किती होती याने. या मुली मोठ्या झाल्या, साखर घेऊनच गर्भार राहिल्या, आणि चाक फिरत राहिलं.

पुण्याच्या वाचकाला इथे ओळखीचं काहीतरी दिसेल. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भार बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं पिमांच्या बाळांच्या उलट, वजनाने हलकी. पण स्नायू कमी आणि चरबी मात्र राखलेली. सॅकाटनची गुटगुटीत बाळं आणि पुणे जिल्ह्यातली किरकोळ बाळं वेगवेगळ्या वाटांनी एकाच आजाराकडे निघालेली. दोन्हीकडे वाट पोटातूनच सुरू झाली.

जनुकांचा मुद्दा उरतोच. १९६२ साली जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी ‘काटकसरी जनुक’ ही कल्पना मांडली: दुष्काळात तग धरायला उपयोगी पडलेली चरबी साठवण्याची खोड सुबत्तेत उलटते. पिमा या कल्पनेचे जणू पोस्टरवरचे चेहरे झाले. पुढे मेक्सिकोत सोनोराच्या डोंगरांत मायकोबा नावाच्या वस्तीतले पिमा तपासले गेले. वंश जवळचा, आयुष्य वेगळं: नांगर, लाकूडतोड, मका आणि घेवडा. २००६च्या अहवालात मायकोबाच्या पिमांत मधुमेह ६.९ टक्के, ॲरिझोनाच्या पिमांत ३८ टक्के. शेजारी राहणाऱ्या पिमा नसलेल्या मेक्सिकनांत २.६ टक्के. म्हणजे वंशाचा हात आहे, नाही असं नाही. पण ७ आणि ३८ यांमधलं अंतर वंशाने भरून निघत नाही.

अभ्यास चालू असताना गावात काय घडत होतं? एकूण लोकांत नव्याने मधुमेह होण्याचा वेग या चार दशकांत फारसा हलला नाही. पाच ते चौदा वर्षांच्या मुलांत मात्र तो जवळपास सहापट झाला. पूर्वी ‘म्हातारपणाचा’ म्हणवला जाणारा मधुमेह शाळेच्या दप्तरापर्यंत पोचला. उलट बाजूने, मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण १९९०नंतर उतरायला लागलं, कारण रक्तदाबाची आणि मूत्रपिंड जपणारी औषधं वेळेवर मिळू लागली. उपचार सुधारले, प्रतिबंध जिथल्या तिथे. अशा अहवालांत या दोन ओळी शेजारी शेजारी आल्या, की पहिलीचा फोटो छापला जातो आणि दुसरी तळटिपेत जाते. आपल्याकडेही.

आणि एक गोष्ट आकड्यांत येत नाही. लहानपणापासून ‘तुमच्या रक्तातच हा आजार आहे’ हे ऐकलेल्या माणसाला चालायला जा, तळलेलं सोडा, हे सांगून काय होतं? होणारच आहे तर कशाला जीव आटवायचा. तिथल्या बायकांशी सविस्तर बोललेल्या मानववंशशास्त्रज्ञांनी ‘बॉर्डरलाइन’ या शब्दाचा घोळही टिपला आहे. डॉक्टर सावध करायला तो शब्द वापरतात, ऐकणारी सुटकेचा श्वास टाकते. ‘शुगर बॉर्डरवर आहे’ हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत, दुसरी जिलबी घेता घेता, कितीदा ऐकलं असेल.

संशोधकांवरचा विश्वासही पातळ होत गेला. ॲरिझोनातल्याच हवासुपाई या दुसऱ्या जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून १९९०च्या सुमारास रक्त दिलं. ते पुढे स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या मूळ स्थलांतराच्या अभ्यासांत वापरलं गेल्याचं उघड झालं. २०१० साली अभ्यास करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेलं रक्त परत केलं. हीला रिव्हरचा यात संबंध नव्हता. पण वाळवंटात बातम्या दूरवर जातात.

कृती आणि अभिमान

आता या प्रकरणातला तो प्रयोग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. फार गाजलेला नाही. १९९८ साली प्रसिद्ध झाला.

वजन जास्त, पण साखर अजून नॉर्मल, अशी ९५ पिमा माणसं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाचं नाव ‘पिमा ॲक्शन’. त्यांना आहाराचं वेळापत्रक, व्यायामाचं लक्ष्य, नियमित भेटी, वजनाच्या नोंदी. आरोग्य खात्यात काम केलेल्या माणसाने डोळे मिटून लिहावा असा कार्यक्रम. दुसऱ्या गटाचं नाव ‘पिमा प्राइड’, अभिमान. त्यांना खाण्यापिण्याविषयी थोडी छापील माहिती दिली आणि महिन्यातून एकदा लहान गटांत बसवलं. तिथे गावातलीच माणसं बोलायची: आपले कालवे, आपली पिकं, आपण कसे राहत होतो, आता कसे राहतो. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

पैज लावायला सांगितली असती तर मी पहिल्या गटावर लावली असती.

बारा महिन्यांनी ‘ॲक्शन’ गटाचं वजन सरासरी अडीच किलोने वाढलेलं, ‘प्राइड’ गटाचं पाऊण-एक किलोने. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी मोजलेली साखर ‘ॲक्शन’मध्ये चांगलीच चढली, ‘प्राइड’मध्ये जवळजवळ होती तिथेच राहिली. म्हणजे शिस्तीचा कार्यक्रम घेतलेली माणसं, नुसत्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा वाईट अवस्थेत पोचली.

सांभाळून वाचायला हवं. ९५ माणसं म्हणजे फार नव्हेत, एक वर्ष म्हणजे फार नव्हे, आणि वजनातला फरक योगायोगाच्या काठावरच होता. साखरेतला फरक जास्त पक्का. शिवाय ‘प्राइड’ गटाचंही वजन कमी झालेलं नाही, फक्त कमी वाढलं. एवढ्यावरून ‘संस्कृतीने मधुमेह बरा होतो’ असा फलक लावणारे लावतील, मी लावणार नाही.

कारण याच्या उलट जाणारा पुरावाही मोठा आहे. त्याच काळात अमेरिकेत २७ केंद्रांवर ३,२३४ लोकांचा मधुमेह प्रतिबंधाचा प्रयोग झाला. त्यात नैऋत्येतल्या मूळनिवासींची केंद्रं होती आणि १७१ मूळनिवासी सहभागी होते. तिथे शिस्तच होती: वजन ७ टक्के उतरवायचं, आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, सोळा पाठांचा अभ्यासक्रम. २००२ साली निकाल छापला गेला. नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. सगळ्या वंशांच्या लोकांत फायदा साधारण सारखा.

मग शिस्त खरी की अभिमान? मला वाटतं हा प्रश्नच जरा चुकीचा बसतो. त्या मोठ्या प्रयोगात प्रत्येक माणसामागे एक ‘कोच’ होता. तो फोन करायचा, घरी यायचा, अडचण विचारायचा, पैसे लागले तर बुटांची सोय करायचा. शिस्तीच्या कागदामागे एक ओळखीचं माणूस उभं होतं. ‘पिमा ॲक्शन’मध्ये काय कमी पडलं ते अहवालातून नेमकं कळत नाही. पण ‘प्राइड’मध्ये काय होतं ते कळतं: लहान गट, बोलणारा गावातलाच, आणि विषय ‘तुमचं चुकतंय’ हा नव्हता.

पुढे हा सोळा पाठांचा अभ्यासक्रम देशभरच्या ३६ मूळनिवासी कार्यक्रमांनी आपापल्या पद्धतीने राबवला. २,५५३ लोक. सोळाही पाठ पुरे केलेल्यांत वर्षाला ३.५ टक्के लोकांना मधुमेह झाला, अर्धवट सोडलेल्यांत ७.५ टक्के. पाठ पुरे करणारी माणसं मुळातच निश्चयी, ज्यांच्या घरी गाडी आहे, मूल सांभाळायला कोणी आहे, अशी असणार, हे इथे विसरून चालत नाही. पण मग मोजायचं काय ते यातून कळतं. पाठात काय शिकवलं याहून, माणूस नवव्या पाठाला का आलं नाही हे.

चाव्या कोणाकडे

मूळनिवासींची आरोग्यसेवा १९५५ साली ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’ या केंद्रीय खात्याकडे आली. १९६८पासून जमातीतल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्या आशाताईंच्या कितीतरी आधीची ही कल्पना, आणि फरक असा की या प्रतिनिधींना नेमते ती जमात. १९७५च्या स्वयंनिर्णय कायद्याने जमातींना खात्याचे पैसे घेऊन दवाखाने स्वतः चालवायची मुभा दिली. हीला रिव्हरने १९९५ साली सॅकाटनच्या रुग्णालयाचा कारभार हातात घेतला.

१९९७ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मूळनिवासींसाठी मधुमेहाचा खास निधी काढला. सुरुवातीला वर्षाला ३ कोटी डॉलर, २००४पासून १५ कोटी. त्याची रचना मला आवडते. वॉशिंग्टन एक ठरीव कार्यक्रम पाठवत नाही. सिद्ध झालेल्या उपायांची यादी असते. जमात त्यातला आपल्याला झेपेल तो निवडते, राबवते आणि आकडे कळवते. कुठे पायांची तपासणी, कुठे मुलांची शिबिरं, कुठे भाजीचा मळा. १९९६ ते २०१३ या काळात मूळनिवासी प्रौढांत मधुमेहामुळे मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. इतर कोणत्याही वंशगटात इतकी घट झाली नाही. प्रौढांतलं मधुमेहाचं प्रमाणही २०१३मधल्या १५.४ टक्क्यांवरून २०१७मध्ये १४.६वर आलं. दिसायला किरकोळ उतरण आहे. पण तोवर हा आलेख फक्त चढत आला होता.

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चारेक तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून बसणारा माणूस ज्यांनी घरात पाहिलाय त्यांना ५४ टक्क्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

उणी बाजू म्हणजे हा निधी कायमचा नाही. काँग्रेस तो एकेक-दोनदोन वर्षांनी वाढवत आली, आणि १५ कोटींचा आकडा जवळपास वीस वर्षं तोच राहिला. दर मुदतीअखेर प्रशिक्षक, परिचारिका, व्यायाम शिकवणारे यांच्या डोक्यावर टांगती तलवार. कंत्राटी आरोग्यसेविकांची ‘या वर्षी ऑर्डर येणार का’ ही चिंता ज्यांनी मार्चमध्ये जवळून पाहिली आहे, त्यांना ॲरिझोना लांबचं वाटणार नाही.

टेपरी

टेपरी नावाचा एक घेवडा आहे. दाणा राजम्याहून लहान, चपटा, पांढरा किंवा तपकिरी. वाळवंटातलं पीक, एकदोन चांगल्या पावसांवर येणारं. मला वाचताना पहिल्यांदा मटकीच आठवली: तोच चिवटपणा, तीच कमी पाण्याची भूक. रात्रभर भिजवून ठेवला तरी शिजायला काही तास घेतो, आणि शिजल्यावर दाणा फुटून गाळ होत नाही, अंग धरून राहतो. पोटातही तो तसाच हळू विरघळतो. १९९०मध्ये छापलेल्या एका अभ्यासात टेपरी, मेस्किट अशा जुन्या वाळवंटी पदार्थांच्या जेवणानंतर साखर सावकाश चढते हे मोजून दाखवलं गेलं.

नदी गेली तसा टेपरीही शेतांतून जवळजवळ गेला. सॅकाटनच्या रमोना बटन यांना वडिलांच्या मागे राहिलेल्या ट्रंकेत बरण्यांत जपलेलं टेपरीचं बी सापडलं. १९७०च्या दशकापासून त्या आणि त्यांचे पती तो पुन्हा पिकवू लागले. आज त्यांच्या शेताचा टेपरी, साठ दिवसांत येणारा जुना मका आणि मेस्किटचं पीठ पाकिटांतून विकलं जातं, मोठ्या शहरांतले नावाजलेले आचारीही ते घेतात.

कार्यक्रमवाल्यांची अडचण इथे लपवून चालणार नाही. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला तासन्‌तास शिजणारा घेवडा सांगणं सोपं, पिझ्झा तीस मिनिटांत घरी येतो. आणि जमातीचं स्वतःचं मोठं शेत आहे, त्यात मुख्यतः कापूस आणि घोडेघासासारखी नगदी पिकं निघतात. उसाच्या पट्ट्यात राहून ज्वारीच्या भाकरीचे गुण गाणाऱ्यांनी यावर हसू नये.

साडेअठ्ठावीस टीएमसी

पाण्याचा खटला जमातीने अनेक पिढ्या लढला. २००४ साली ॲरिझोना जलवाटप कायद्याने तो मिटला. हीला रिव्हरच्या वाट्याला दरवर्षी ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क आला. आपल्या मापात साडेअठ्ठावीस टीएमसीच्या घरात. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीतली चारही धरणं भरली की २९.१५ टीएमसी होतात, यावरून अंदाज यावा. हक्क मिळाला म्हणजे सगळं पाणी शेतात आलं असं होत नाही. कालवे नव्याने बांधणं अजून चालू आहे, आणि कोलोराडो नदी आटू लागल्यावर जमातीने २०२३मध्ये वर्षाला सव्वा लाख एकर-फूटांपर्यंत पाणी लेक मीड या कोलोराडोवरच्या जलाशयात राखून ठेवण्याचा करारही केला, त्याचे केंद्राकडून पैसे घेतले. हेडवाल्यांना आता टेलवाल्याकडे यावं लागलं.

आरोग्याच्या कुठल्याही अहवालात हा करार ‘हस्तक्षेप’ या सदरात मोडत नाही. मी तो मोडतो असं धरतो.

फीनिक्सहून टूसॉनकडे जाणारा महामार्ग या राखीव क्षेत्रातून जातो. वाटेत पूल लागतो, पाटीवर हीला नदीचं नाव असतं आणि खाली बहुतेक दिवस वाळू. पण राखीव क्षेत्रात एका ठिकाणी जमातीने भूजल भरण्यासाठी पात्रात पाणी सोडायला सुरुवात केली आणि आता तिथे काठाने पाऊलवाट आहे. आठवड्याला १५० मिनिटं चाला, असं पंचेचाळीस अंशांच्या उन्हात राहणाऱ्या लोकांना सांगितलं जात होतं. आता निदान पहाटे पाण्याच्या कडेने चालता येतं.

पाणी खेळू लागल्यावर कोणी न लावता तिथे पाणकणीस उगवलं, पक्षी आले. अकिमेल ओओधामांच्या टोपल्या प्रसिद्ध आहेत. त्यांचा गाभा पाणकणसाचा, वरची वीण विलोच्या कामट्यांची, काळी नक्षी एका काटेरी रानशेंगेच्या सालीची. नदी आटली तेव्हा पाणकणीस आणि विलो दोन्ही गेले होते. आता टोपल्या विणणाऱ्या बायका पाणकणीस कापायला तिथे येतात.